जॉन हेन्री स्टील

जॉन हेन्री स्टील (इ.स. १८५५ – इ.स. १८९१) हे ब्रिटिश पशुवैद्य, शरीररचनाशास्त्राचे अध्यापक व ग्रंथकार होते. मुंबईतील परळ येथे २ ऑगस्ट १८८६ रोजी सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य होत. घोडा, बैल, हत्ती, उंट, कुत्रा व मेंढी यांच्या रोगांवर व शरीररचनेवर त्यांनी ग्रंथ लिहिले. घोड्याखेचरांमधील 'सर्रा' या प्राणघातक तापाच्या संशोधनात ग्रिफिथ इव्हान्स यांच्या पाठोपाठ त्यांचे नाव घेतले जाते. भारतात त्यांनी जेमतेम नऊ वर्षे काम केले. तथापि पश्चिम भारतात घोड्याच्या आजाराची परीक्षा नालबंद व सलोत्री यांच्या अनुभवावरून महाविद्यालयात शिकलेल्या भारतीय पदवीधराकडे येण्यास त्याच नऊ वर्षांत आरंभ झाला.

शिक्षण व सुरुवातीचा काळ

स्टील यांचे शिक्षण लंडनच्या कॅम्डेन टाउन येथील रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये झाले. ही संस्था १७९१ मध्ये मुख्यतः घोड्यांच्या वैद्यकासाठी स्थापन झाली होती. पुढे अनेक दशके तेथील शिक्षणाचा केंद्रबिंदू घोडाच राहिला. शिक्षण संपल्यावर सैन्याच्या पशुवैद्यक विभागातील नोकरी आणि मातृसंस्थेत शरीररचनेचे अध्यापन अशी दोन्ही कामे त्यांनी केली. विच्छेदनगृहात विद्यार्थ्याच्या हाताशी असावे म्हणून लिहिलेले त्यांचे घोड्याच्या शरीररचनेवरील पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा लेखकाचे वय एकवीसच्या आसपास होते. १८८१ मध्ये बैलांच्या रोगांवरील त्यांचा मोठा ग्रंथ आला. घोड्यापलीकडच्या जनावरांकडे इंग्लंडमधील पशुवैद्यांचे फारसे लक्ष नसताना हा ग्रंथ लिहिला गेला, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. भारतासारख्या बैलांवर उभ्या असलेल्या देशात त्याचा उपयोग होणार होता, पण तो लिहिताना स्टील यांनी भारत पाहिलेला नव्हता.

भारतात आगमन

१८८२ मध्ये स्टील सैन्याच्या सेवेत भारतात आले. लवकरच फ्रेडरिक स्मिथ या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मद्रास येथून पशुवैद्यकाला वाहिलेले एक इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. स्मिथ हे पुढे मेजर जनरल झाले व ब्रिटिश पशुवैद्यकाचे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले. त्रैमासिकाचा हेतू सरळ होता. दूरदूरच्या छावण्यांत एकेकट्याने काम करणाऱ्या पशुवैद्यांनी आपापल्या पागेतील रोगी जनावरांची हकिगत, दिलेले औषध आणि मृत्यूनंतरच्या विच्छेदनात दिसलेले कारण लिहून पाठवावे व ते सर्वांनी वाचावे. स्मिथ मायदेशी परतल्यावर हे काम स्टील यांनीच सांभाळले. त्यांच्या मृत्यूच्या सुमारास त्रैमासिक बंद पडले.

भारतात घोड्याचे वैद्यक अज्ञात होते असे मुळीच नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली संस्कृत परंपरा, नकुलाच्या नावावरील 'अश्वचिकित्सित' आणि जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. शालिहोत्र या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सलोत्री हा शब्द रूढ झाला. जयदत्ताचा ग्रंथ कलकत्त्याच्या 'बिब्लिओथेका इंडिका' मालेत छापला गेला तो १८८६-८७ च्या सुमारास, म्हणजे परळचे महाविद्यालय उघडले त्याच वेळी. घोड्याची पारख, जाती, वय ओळखण्याच्या खुणा, ऋतूप्रमाणे आहार यांबाबत या परंपरेत पुष्कळ सूक्ष्म निरीक्षण आहे. तिची उणीव दुसरीकडे होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे ज्ञान बहुतांशी बापाकडून मुलाकडे तोंडी जात राहिले आणि मेलेले घोडे उघडून पाहण्याची रीत त्यात नव्हती. त्यामुळे पोट दुखून मेलेल्या दहा घोड्यांचे आतून काय झाले होते, हे कळण्याचा मार्गच नव्हता.

ब्रह्मदेशातील खेचरांचा रोग

१८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स यांना सर्राने आजारी असलेल्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले होते. तेच रोगाचे कारण असावे हा त्यांचा तर्क वरिष्ठांना पटला नाही. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातील सैन्याची मालवाहू खेचरे एका अनाकलनीय तापाने मरू लागली, तेव्हा तपासासाठी स्टील यांना पाठविण्यात आले. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. जनावर खात असूनही झिजत जाते. पोटाखाली व पायांवर सूज चढते. आणि तापाच्या पाळीत रक्तात तोच जीव सापडतो, असे त्यांना आढळले. रोगी जनावराचे रक्त निरोगी जनावराला टोचल्यास रोग होतो हेही त्यांनी दाखविले. या जिवाला त्यांनी इव्हान्स यांचे नाव दिले. आजही तो 'ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी' म्हणूनच ओळखला जातो.

स्टील यांचे वर्गीकरण मात्र चुकले होते. माणसाच्या उलटणाऱ्या तापातील मळसूत्री जंतूशी हा ताप जुळतो असे वाटून त्यांनी जिवाची गणना त्याच गटात केली. प्रत्यक्षात तो शेपटीवजा तंतूने हालणारा एकपेशीय प्राणी आहे, हे पुढील संशोधकांनी दाखविले. ही चूक सांगणे आवश्यक आहे, कारण काही लेखांत सर्राच्या शोधाचे सारे श्रेय स्टील यांना दिलेले आढळते. जीव प्रथम पाहिला तो इव्हान्स यांनी. वरिष्ठांनी बाजूला सारलेले ते निरीक्षण दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या जनावरात पडताळून पाहणे आणि पहिल्या संशोधकाचे नाव राखणे हे स्टील यांचे काम होय.

परळचे महाविद्यालय

भारतातील पशुवैद्यक शिक्षणाचा आरंभ १८६२ मध्ये पुण्यात निघालेल्या सैनिकी शाळेपासून मानला जातो. मुलकी शिक्षण बाबूगढ येथे १८७७ मध्ये व लाहोर येथे १८८२ मध्ये सुरू झाले. मुंबईत या कामाला निमित्त झाले ते जनावरांच्या छळाविरुद्ध १८७४ पासून काम करणाऱ्या संस्थेचे. ओढीचे जखमी बैल व घोडे पकडल्यानंतर ठेवायचे कोठे, हा तिच्यापुढील प्रश्न होता. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने दिलेल्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले. त्याची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते बसविण्यात आली. मुंबईकरांनी या लांबलचक नावाचे 'बैलघोडा हॉस्पिटल' करून टाकले. आजही परळमध्ये पत्ता विचारताना हेच नाव उपयोगी पडते. रुग्णालयाला जोडून १८८६ मध्ये महाविद्यालय निघाले आणि स्टील यांची त्यावर नेमणूक झाली.

रुग्णालयाच्या आवारात महाविद्यालय असण्याचा लाभ मोठा होता. विद्यार्थ्याला सकाळी वर्गात ऐकलेले दुपारी जिवंत घोड्यावर पाहता येई आणि दुर्दैवाने ते जनावर दगावले तर विच्छेदनगृहात आपले निदान खरे होते की खोटे, हेही कळे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून उत्तीर्ण होणाऱ्यास 'मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचा पदवीधर' अशी उपाधी मिळे. इंग्रजीतील तिची चार अक्षरी आद्याक्षरे पुढे कित्येक वर्षे पाट्यांवर झळकत राहिली. विद्यार्थी भारतीय होते. यातूनच पुढे मुंबई इलाख्यातील, नगरपालिकांतील आणि संस्थानांच्या पागांतील पशुवैद्य तयार झाले.

मुंबईचे घोडे व पोटशूळ

ज्या मुंबईत हे शिक्षण सुरू झाले, ती घोड्यांवर चालणारी मुंबई होती. ९ मे १८७४ पासून रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामी धावत होत्या. कंपनीने ९०० घोड्यांनिशी काम सुरू केले आणि १९०५ मध्ये घोड्यांच्या ट्रामी बंद झाल्या तेव्हा तिच्या पागेत १,३६० घोडे होते. त्याखेरीज भाड्याच्या व्हिक्टोरिया, धनिकांच्या बग्ग्या, इराणच्या आखातातून बंदरात उतरणारे अरबी घोडे आणि १८८३ पासून महालक्ष्मीच्या मैदानावर धावणारे शर्यतीचे घोडे होते. इलाख्याबाहेर पाहिल्यास औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) येथील छावण्यांत हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले होते. शिलेदारी पद्धतीत घोडा स्वाराच्या मालकीचा असे. घोडा गेला की नवीन घोड्याचा भार स्वारावर किंवा पलटणीच्या सामायिक फंडावर पडे. अशा घरात रात्री घोडा पोट दुखून लोळू लागला, तर पहाटेपर्यंत काय होईल यावर कुटुंबाची मिळकत टांगलेली असे.

पोटशूळ हा घोड्याचा फार जुना शत्रू आहे. त्याचे मूळ घोड्याच्या रचनेतच आहे. शरीराच्या मानाने घोड्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला ओकता येत नाही. कोंडलेला वायू किंवा फुगलेले धान्य वर येऊ न शकल्याने क्वचित जठरच फाटते. घोड्याला पित्ताशय नसते. गवत आंबवून पचविण्याचे काम मागच्या बाजूच्या अंधांत्रात व मोठ्या आतड्यात होते. हे मोठे आतडे कित्येक मीटर लांब, दुमडलेले व बरेचसे मोकळे लोंबते असून डावीकडील एका वळणावर ते एकदम अरुंद होते. सुका चारा बहुधा तेथेच अडकतो. स्टील यांच्या १८७६ च्या पुस्तकाचा विषय असलेली शरीररचना येथे थेट उपयोगाला येते. ते वळण कोठे आहे हे ज्याने मृत घोड्यात हाताने चाचपले आहे, त्यालाच जिवंत घोड्याच्या गुदमार्गातून हात घालून तेथील घट्ट गोळा ओळखता येतो.

भारतीय पागेतील आहाराने या रोगात भर घातली. मोतद्दार तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी देई. ती नीट भरडलेली वा भिजविलेली नसली आणि वर लगेच पोटभर पाणी पाजले, तर दाणे आत फुगत व आंबत. पाणी आधी, चंदी नंतर हा नियम जुन्या सलोत्र्यांनाही ठाऊक होता व तो योग्यच होता. दुसरे कारण कमी लक्षात येणारे आहे. गवत आणणारे नोकर खुरप्याने हरळी मुळासकट खणून आणीत. मुळांना चिकटलेली माती झटकली-धुतली नाही, तर ती रोज थोडीथोडी पोटात जाऊन आतड्याच्या तळाशी साचे. असा घोडा वारंवार दुखणाईत होई आणि दर वेळी दोष दृष्टीला किंवा वाऱ्याला दिला जाई. शेणाचा गोळा पाण्यात कालवून काही वेळ ठेवला की तळाशी रेती बसते. इतक्या साध्या परीक्षेने हे कारण उघड होते आणि ती आजही करतात.

खरी अडचण अशी की पोटशूळ हे एका रोगाचे नाव नाही, वेदनेचे नाव आहे. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, खाली बसतो, लोळतो, घामाने भिजतो. ही चिन्हे आतड्याला नुसती आकडी आली असताना, वायू धरला असताना, मळ अडकला असताना आणि आतड्याला पीळ पडला असताना जवळपास सारखीच दिसतात. पहिला घोडा तासाभरात आपोआपही उठून उभा राहतो. शेवटचा कोणत्याही औषधाने वाचत नाही. भेद करायचा तो नाडीवरून, पापणीच्या आतील रंगावरून, कुशीला कान लावून ऐकलेल्या आतड्याच्या आवाजावरून आणि गुदपरीक्षेवरून. जबड्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवले की घोड्याची नाडी लागते. निरोगी घोड्यात ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. ती साठीच्या वर टिकून राहणे चिंतेचे असते आणि ऐंशीच्या पुढे जाऊन क्षीण होणे, पापण्या विटकरी वा निळसर पडणे, कुशीतील गुरगुर पूर्ण थांबणे ही पीळ पडल्याची वा आतडे कुजू लागल्याची लक्षणे समजतात. तळमळणारा घोडा अकस्मात शांत झाला तर मालकाला हायसे वाटते. पण नाडी धावत असेल, तर ती शांतता बहुधा आतडे फुटल्याची असते.

त्या काळच्या औषधांकडे पाहिले तर निदान का महत्त्वाचे होते ते ध्यानात येते. कोरफडीचा तीव्र रेच, जवसाचे तेल, टर्पेंटाइन, अफूचा अर्क, क्लोरल हायड्रेट, कोमट पाण्याचा एनिमा ही मुख्य साधने होती. फुगलेल्या अंधांत्रात उजव्या कुशीतून पोकळ सुई खुपसून वायू सोडण्याचीही रीत होती. मळ अडकला असेल तर जवसाचे तेल उपकारक. तोच जोरकस रेच पीळ पडलेल्या घोड्याला दिला तर मरण लवकर येते. अफूने वेदना थांबते, पण आतड्याची हालचालही थांबते आणि वैद्याला वाट दाखविणारी चिन्हे झाकली जातात. शिवाय घोड्याचे डोके वर ओढून नळकांड्याने तेल पाजताना ते श्वासनलिकेत उतरले, तर पोटशुळातून वाचलेला घोडा आठवड्याने फुप्फुसाच्या दाहाने जातो. नाकातून जठरापर्यंत नळी घालून वायू काढणे व औषध देणे विसाव्या शतकात रूढ झाले. पीळ सोडविण्याची शस्त्रक्रिया तर त्या शतकाच्या उत्तरार्धातच खऱ्या अर्थाने साध्य झाली. स्टील यांच्या विद्यार्थ्यांजवळ यांपैकी काहीही नव्हते. कोणत्या घोड्याला काय देऊ नये हे ओळखणे हेच त्यांच्या हातातील मोठे साधन होते.

संप्रेरकांच्या शोधापूर्वीचे वैद्यक

संप्रेरकांच्या विकारांबाबत स्टील यांच्या ग्रंथांत काही शोधू जाणे व्यर्थ आहे. त्यांच्यासाठी योजलेला 'हॉर्मोन' हा शब्दच मुळी १९०५ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टारलिंग यांनी वापरात आणला. उन्हाळा आला तरी केस न गळणारा, लांब कुरळ्या केसांचा, पाठ खचलेला, फार पाणी पिणारा म्हातारा घोडा त्या काळी सर्वांनी पाहिला असेल. त्याला वयाचा परिणाम समजून सोडून दिले जाई. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मधल्या भागाची वाढ हे त्याचे कारण असल्याचे नंतर स्पष्ट झाले. आता रक्तातील संप्रेरक मोजून निदान करतात आणि पर्गोलाइड हे औषध देऊन ते आटोक्यात ठेवतात. लठ्ठ, मानेवर चरबीची घट्ट वळी असलेल्या घोड्यांतील इन्शुलिनचा बिघाड तर याहूनही अलीकडे समजला.

एक धागा मात्र जुन्या वैद्यांच्या हाती लागला होता. धान्याच्या कोठीत शिरून भरमसाट चंदी खाल्लेला घोडा पोटशुळातून सुटला, तरी दोनतीन दिवसांत चारही खुरे गरम होऊन जागीच खिळतो, हे सलोत्री आणि पशुवैद्य दोघांनाही माहीत होते. पोट आणि खूर यांचा हा संबंध कसा जुळतो हे कोणालाच सांगता येत नव्हते. आतड्यात आंबलेल्या धान्यातून रक्तात उतरणारी विषद्रव्ये आणि इन्शुलिनचे अतिरिक्त प्रमाण अशा दोन्ही वाटांनी खुराच्या आतील पापुद्रे सुटू लागतात, हे आजचे उत्तर आहे. स्थूल घोड्यास धान्य बंद करून मोजका सुका चारा देणे हा सध्याच्या उपचाराचा पाया होय. जुन्या पागांत खुरे भरलेल्या घोड्याची चंदी तोडत असत, ती याच दिशेने जाणारी होती.

ग्रंथलेखन

भारतातील वास्तव्यात स्टील यांनी हत्तीच्या रोगांवरील (१८८५) व उंटाच्या रोगांवरील (१८९०) पुस्तिका मद्रास येथे प्रसिद्ध केल्या. सैन्याची तोफखान्याची व सामानाची वाहतूक या दोन जनावरांवर अवलंबून असल्याने त्यांची निकड होती. कुत्र्यांच्या व मेंढ्यांच्या रोगांवरही त्यांचे ग्रंथ आहेत. इतक्या थोड्या वर्षांत, महाविद्यालय चालवीत असताना केलेल्या या लेखनात सर्वत्र सारखी खोली नाही. हत्तीवरील भागात इतरांच्या अनुभवावर त्यांना बरेच विसंबावे लागले आहे. बैल व घोडा या विषयांवरील लेखनात त्यांचा हात अधिक सराईत दिसतो.

मृत्यू व स्मृती

१८९१ च्या आरंभी मुंबईतच स्टील यांचे निधन झाले. वयाची छत्तिशीही त्यांनी नीट पाहिली नव्हती. महाविद्यालय सुरू होऊन पाच वर्षेही झाली नव्हती. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमामुळे उत्तीर्ण होऊन बाहेर पडलेल्या तुकड्या त्यांना मोजक्याच पाहता आल्या. १८८९ मध्ये पुण्यात आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या हाताखाली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली होती आणि सर्रावरील पुढील संशोधन तेथे होऊ लागले होते. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलविण्यात आली.

ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजतर्फे त्यांच्या नावाने 'जॉन हेन्री स्टील स्मृतिपदक' ठेवण्यात आले. परळचे महाविद्यालय आता नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. शहरातून ट्रामचे घोडे गेले, व्हिक्टोरियाही गेल्या. बैलघोडा हॉस्पिटलात आता कुत्री, मांजरे व पक्षी अधिक येतात. घोडे येतात ते प्रामुख्याने शर्यतीच्या, वरातीच्या आणि चौपाट्यांवरील फेऱ्यांच्या व्यवसायातले.